काशीची गंगा: पायऱ्यांवरून आणि नावेतून

काशीला गंगा पाहायला जाताना सगळ्यात आधी दिशा समजून घ्यावी, कारण पुढचं सगळं नियोजन तिच्यावरच ठरतं. एरवी पूर्वेकडे जाणारी गंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. शहर सगळं पश्चिम काठावर आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ कोरतो, म्हणून घाटांना लागूनच पाणी खोल आहे. आतल्या बाजूला वेग कमी होऊन वाळू साचते, म्हणून समोरचा पूर्वेचा काठ रिकामा, वाळूचा आणि सपाट राहिला आहे. त्यामुळे सकाळी सूर्य मोकळ्या वाळूमागून वर येतो आणि घाटांवर समोरून ऊन पडतं. दुपार कलली की घाटांमागच्या उंच वाड्यांची सावली पायऱ्यांवर उतरते. पहाट आणि तिसरा प्रहर या काशीच्या काठावर फिरायच्या दोन वेळा. मधल्या वेळात जेवावं आणि झोपावं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची पहिली फसगत घड्याळाशी होते. काशी मुंबईच्या पूर्वेला सुमारे दहा रेखांश आहे, म्हणजे सूर्य तिथे साधारण चाळीस मिनिटं आधी माथ्यावर येतो. हिवाळ्यात सकाळी हा फरक अर्ध्या तासाच्या आत असतो, पण मे-जूनमध्ये तो जवळजवळ एका तासावर जातो. मेच्या मध्यात सव्वापाचला सूर्य वर आलेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यात साडेसहा धरावेत. मुंबई-पुण्याच्या सवयीने साडेसहाचा गजर लावला, तर उन्हाळ्यातली सकाळ निसटलेलीच असते. संध्याकाळही तशीच लवकर होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सव्वापाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो आणि सहाला अंधार असतो.

ऋतूचं म्हणाल तर कार्तिकाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत जावं. त्यातही डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य शक्यतो टाळावा. तेव्हा धुकं इतकं दाट पडतं की सूर्योदय दिसतच नाही, नावा थांबवल्या जातात आणि उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. फेब्रुवारी सगळ्यात चांगला. महाशिवरात्रीच्या आसपास मात्र गर्दी प्रचंड असते, तेव्हा राहायची जागा आधी हातात हवी.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक जुलै-ऑगस्टची तिकिटं काढून बसतात आणि तिथे पोहोचल्यावर घाटच दिसत नाहीत. गंगेची पातळी राजघाटाजवळ मोजतात आणि ती समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये सांगतात. इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेलं होतं. उन्हाळ्यात हाच आकडा साठच्या खाली असतो. म्हणजे कोरड्या आणि भरल्या गंगेत दहा मीटरहून जास्त फरक पडतो, आणि तो सगळा पायऱ्यांवर चढतो. धोक्याची पातळी येण्याच्या खूप आधीच एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाणारी खालची वाट बुडते. मग प्रत्येक घाटासाठी गल्लीतून वर जायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. संध्याकाळची गंगेची आरती छतावर जाते, मणिकर्णिकेवरचं दहनही वरच्या सज्जांवर होतं, आणि नावा बंद असतात. पावसाळ्यात निघण्याआधी स्थानिक बातम्यांत पातळी पाहावी. ती वाढती आहे की उतरती, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं.

पूर ओसरला म्हणजे काम झालं, असंही नाही. पाणी उतरताना पायऱ्यांवर गाळाचा जाड थर सोडून जातं. तो पंपाने पाण्याचा झोत मारून पुन्हा नदीत ढकलतात, आणि सगळे घाट मोकळे व्हायला ऑक्टोबर, कधी नोव्हेंबर उजाडतो. त्या काळात मुख्य घाट स्वच्छ दिसतात, पण मधल्या लहान घाटांवर गुडघाभर चिखल असू शकतो. वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि त्यात पाय रुततो. जिथे माणसांच्या पायांची वाट पडलेली दिसेल तिथूनच जावं.

काठावर काय घालून जावं, यात पायताण सगळ्यात महत्त्वाचं. घाटांचा दगड बहुतेक चुनारचा, लालसर-पिवळसर वालुकाश्म. शतकानुशतकांच्या पावलांनी तो गुळगुळीत झाला आहे. पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं आणि पडणारे लोक जवळजवळ सगळे तिथेच पडतात. रबरी, खाचांचा तळवा असलेली, पटकन काढता-घालता येणारी चप्पल-सँडल चांगली. बूट नकोत, कारण देवळात, नावेत आणि पाण्यापाशी ते सारखे काढावे लागतात. एप्रिलनंतर दहाच्या पुढे दगड इतका तापतो की अनवाणी चालताना तळवे भाजतात. सुटकेस-बॅगेचंही आधीच ठरवा. घाटाजवळच्या गल्ल्यांत वाहन जात नाही आणि चाकांची बॅग दगडी गल्लीत ओढता येत नाही. नदीकडच्या खोलीचा मोह असेल तर पाठीवरची पिशवी घ्या, आणि खोली ठरवताना रस्त्यापासून किती चालायचं आणि किती पायऱ्या चढायच्या, हे स्पष्ट विचारा. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर असीच्या, म्हणजे दक्षिण टोकाच्या घाटाच्या, बाजूला राहावं. तिथे वाहन घाटाच्या बरंच जवळ येतं.

आम्ही नेहमी असीवरूनच, दक्षिणेकडून सुरुवात करतो. याला कारण आहे. असीहून उत्तरेला निघालं की प्रवाहाबरोबर जाणं होतं, सकाळचं ऊन उजव्या हाताला, नदीकडून येतं, आणि घाट हळूहळू दाट होत जातात. मधल्या, मुख्य दशाश्वमेध घाटापासून सुरुवात केली तर पहिल्याच क्षणी गर्दी, दलाल आणि गोंगाट यांत सापडून माणूस कंटाळतो आणि बाकीची नदी पाहायचं राहून जातं. असी ते दशाश्वमेध अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. न थांबता चाललं तर पाऊण तास लागतो, पण तसं चालू नये. दोन-अडीच तास हाताशी ठेवा.

असीवर सूर्योदयाच्या तासभर आधी पोहोचावं. 'सुबह-ए-बनारस' हा कार्यक्रम २०१४ पासून इथे रोज पहाटे होतो. आधी आरती, मग शास्त्रीय गायन-वादन आणि शेवटी योगासनं. दशाश्वमेधाच्या संध्याकाळच्या आरतीपेक्षा इथे गर्दी खूप कमी असते आणि बसायला जागा मिळते. गाणं ऐकत समोरचं आकाश उजळताना पाहावं. पहिला प्रकाश आला की चालायला लागावं, कारण सूर्य वर आल्यानंतरचा पहिला पाऊण तास घाटांचा दगड सगळ्यात सुंदर दिसतो.

निघण्याआधी किंवा परतताना भदैनीच्या गल्लीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान-स्मारक आहे, असीपासून चालत काही मिनिटांवर. त्यांचे वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी काशीत होते. बरेच मराठी लोक असीला येऊन तिथे न जाताच परततात, याचं वाईट वाटतं.

असीनंतर तुळशी घाट येतो. तुलसीदासांचा शेवटचा काळ इथे गेला, १६२३ मध्ये ते इथेच वारले. पुढे पाणी उपसण्याचं जुनं केंद्र नदीत पुढे आलेलं दिसतं, तिथे वाट थोडी वर चढून उतरते. चेतसिंग घाटाचा किल्लेवजा वाडा सकाळच्या उन्हात थांबून पाहण्यासारखा. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंगाला याच वाड्यात अटकेत ठेवलं होतं आणि तो नदीकडच्या बाजूने निसटला. भिंतींवर खालच्या भागात गाळाचे आडवे पट्टे दिसतात. पुराचं पाणी कुठवर चढतं ते या पट्ट्यांवरून कळतं. एकदा नजरेने ती रेष पकडली की इथली घरं इतक्या उंचावर, इतक्या जाड भिंतींची आणि खालच्या मजल्यावर खिडक्या नसलेली का आहेत, ते कोणी सांगावं लागत नाही.

हरिश्चंद्र घाट लागतो तेव्हा वेग कमी करू नये आणि कॅमेरा आत ठेवावा. हा दहनघाट आहे. वाट चितांच्या अगदी जवळून जाते, लोक आपल्या माणसाला निरोप देत असतात. पुढचा केदार घाट लाल-पांढऱ्या पट्ट्यांमुळे लांबूनच ओळखू येतो. इथे दक्षिण भारतीय भाविकांची वर्दळ असते, देऊळही त्याच धाटणीचं. सकाळची आंघोळ पाहायला, आणि करायची असेल तर करायलाही, मला दशाश्वमेधापेक्षा केदार बरा वाटतो.

आंघोळीचं इथेच सांगून टाकते. काठाशी पाणी खोल आहे हे विसरू नये. पायऱ्या पाण्याखालीही जातात, पण त्या कुठे संपतात ते दिसत नाही, आणि मधली एखादी पायरी निखळलेली असते. मोठ्या घाटांवर लोखंडी साखळ्या असतात, ती एका हाताने धरून कंबरेएवढ्या पाण्यातच डुबकी घ्यावी. जिथे दगडी चौथरे पाण्यात पुढे आलेले आहेत, त्यांच्या खालच्या अंगाला पाणी गोल फिरतं, तिथे उतरू नये. पोहता येणाऱ्यांनीही पलीकडे जायचा हट्ट धरू नये. पाण्याच्या स्वच्छतेबद्दल श्रद्धेच्या माणसालाही खरं सांगितलं पाहिजे: शहराचं सांडपाणी अजून पूर्ण थांबलेलं नाही. असी नाला वळवल्यानंतर तो असी घाटाच्या वरच्या अंगाला, नगव्याजवळ गंगेला मिळतो, त्यामुळे 'असी शहराच्या सुरुवातीला, म्हणून पाणी स्वच्छ' हा समज चुकीचा आहे. डुबकी घ्या, पण तोंड मिटून. अंगावर उघडी जखम असेल तर पाणी नुसतं मस्तकी लावा. नंतर खोलीवर जाऊन साबणाने आंघोळ करा. कपडे बदलायच्या खोल्या मोजक्याच घाटांवर आहेत, म्हणून पंचा आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन जावे, आणि मौल्यवान वस्तू काठावर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे द्याव्या.

केदारच्या पुढे मराठी माणसाने पावलं सावकाश टाकावीत. राजा घाट अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र काशीत राहिले आणि १८२४ मध्ये इथेच वारले. उत्तरेकडे गणेश घाटावरचं अमृतविनायकाचं देऊळही त्यांचंच. पांडे घाटाच्या आसपास धोबी पायऱ्यांवर कपडे वाळत घालतात, त्यांच्यावरून उड्या न मारता बाजूने जावं. मग दरभंगा आणि मुन्शी घाटांचा तो भव्य वाडा, ज्याचं छायाचित्र सगळीकडे असतं. मुन्शी घाट नागपूर दरबारच्या श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा आहे. लगेच अहल्याबाई घाट. दशाश्वमेधाचे पक्के घाट बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या काळात, १७४८ मध्ये बांधले गेले, आणि आजचं काशी विश्वनाथाचं मंदिर अहल्याबाईंनी १७८० मध्ये उभं केलं. दिल्लीची बादशाही खिळखिळी झाल्यावर इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर आणि पुण्याचा पैसा गंगेच्या काठी दगड होऊन बसला, आणि आज पर्यटक ज्याला 'बनारसचा देखावा' म्हणतो त्यातला मोठा वाटा त्या शंभरेक वर्षांतला आहे. शाळेत हे शिकवलं जात नाही. ते पायांनी चालून कळतं.

आठ-साडेआठला दशाश्वमेधावर पोहोचलं की गोदौलिया चौकाकडे वर चढून नाश्ता करावा. कचोरी-भाजी आणि जिलेबी सकाळीच ताजी असते, दहानंतर संपते किंवा थंड मिळते. हिवाळ्यात मलइयो मिळते, दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात. ती रात्रीच्या दवात ठेवलेल्या दुधापासून घुसळतात, म्हणून फक्त थंडीत आणि फक्त सकाळी. उन्हं चढली की फेस बसतो. दुपारी 'मलइयो' म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

दुपारनंतरचा टप्पा उत्तरेचा, दशाश्वमेध ते पंचगंगा. तीन-साडेतीनला निघावं, पायऱ्या सावलीत आलेल्या असतात. शेजारचा मानमंदिर घाट चुकवू नये. मानसिंहाच्या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे, तिकीट काढून वर जाता येतं, आणि गच्चीवरून नदीचं वळण एका नजरेत दिसतं. ललिता घाटावरचं नेपाळी लाकडी देऊळही पाहण्यासारखं आहे. इथेच विश्वनाथ धामाचं नदीकडचं प्रवेशद्वार आहे. डिसेंबर २०२१ मध्ये धाम खुलं झाल्यापासून घाटावरून थेट मंदिरात जाता येतं. मोबाइल, घड्याळ, पिशवी आत नेता येत नाही. दर्शनाचा विचार असेल तर या वस्तू खोलीवरच ठेवून या, नाहीतर लॉकरसाठी रांग लावण्यात संध्याकाळ जाते.

मणिकर्णिकेला खालची वाट बहुतेक वेळा लाकडांच्या राशींनी आणि बांधकामाने अडलेली असते. तिथे मधून घुसू नये. आधीच पायऱ्या चढून मागच्या गल्लीत जावं आणि शिंदे घाटावर उतरावं. गल्ली अरुंद आहे, 'राम नाम सत्य है' ऐकू आलं की भिंतीला लागून उभं राहावं. इथे हमखास कोणीतरी जवळ येतं, चितांची माहिती सांगू लागतं, वरच्या मजल्यावरून 'नीट दिसेल' म्हणून नेतं, आणि शेवटी गरिबांच्या दहनासाठी लाकडाचे पैसे मागतं. किलोचा भाव सांगून रक्कम हजारांत नेतात. पहिल्याच वाक्याला हात जोडून 'नको' म्हणून चालत राहायचं. थांबून ऐकलं की मग सुटका अवघड. फोटो काढला तर तेच लोक दमदाटी करतात, आणि फोटो न काढणं हे तसंही साध्या माणुसकीचं आहे.

शिंदे घाटावर पाण्यात कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, पावसाळ्यात त्याचा बराचसा भाग पाण्याखाली असतो. हा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधायला घेतला, पण दगडाच्या भाराने काठ खचला, आणि विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. खोल पाण्याच्या काठावर बांधणं किती कठीण, त्याची ही उघडी साक्ष. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, उंच सरळ भिंत आणि वर लहान खिडक्या. मग चढ लागतो तो पंचगंगेचा, सगळ्या काशीत मला सगळ्यात आवडणारा घाट. पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालूनच पाहावं किंवा वरून गल्लीतून यावं. वर आलमगीर मशीद आहे, जुन्या बिंदुमाधवाच्या देवळाच्या जागेवर औरंगजेबाच्या काळात बांधलेली. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ बाजूला आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. पायऱ्यांवर दिवे लावायचा दगडी स्तंभ आहे, तो अहल्याबाईंचा म्हणून सांगतात. कार्तिकात इथे उंच बांबूंवर टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात. लागूनच दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. दुर्गा घाटावर नाना फडणविसांचा वाडा आहे, आणि या मागच्या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. श्राद्ध किंवा अस्थिविसर्जनासाठी आला असाल तर मराठी गुरुजी याच भागात चौकशी करून मिळतात. विधी कोणता, साहित्य कोणाचं आणि दक्षिणा किती, या तीन गोष्टी नावेत बसायच्या आधी ठरवाव्यात.

आता नाव. चालणं झाल्यावर नाव घ्यावी, आधी नाही. चालून आलेल्या माणसाला पाण्यातून प्रत्येक घाट ओळखू येतो. उलट केलं तर सगळी नुसती रंगीत भिंत दिसते.

नावांचे तीन प्रकार आहेत. वल्ह्याची लहान होडी, चार-सहा माणसांची. इंजिनाची मोठी नाव, आता बऱ्याचशा सीएनजीवर. आणि बजरा, दुमजली. पहाटेला वल्ह्याचीच घ्या. इंजिनाच्या आवाजात पहाटेची नदी ऐकू येत नाही, आणि काठावरचे मंत्र, घंटा, कपड्यांचे फटके हे सगळं ऐकण्यासाठीच तर पाण्यावर जायचं. संध्याकाळी लांबचा फेरा असेल तर इंजिन सोयीचं. वल्ह्याने असीहून दशाश्वमेधाला येणं सोपं, प्रवाह नेतो. परत वर जायला दुप्पट वेळ आणि नावाड्याला दुप्पट कष्ट, म्हणून एकेरी फेरा ठरवणं दोघांच्या सोयीचं.

भाडं ठरवताना पाच गोष्टी मोठ्याने बोलून घ्याव्या: पैसे पूर्ण नावेचे की माणशी, चढायचं कुठे, उतरायचं कुठे, किती वेळ, आणि वाटेत आणखी कोणाला घेणार का. भांडणं होतात ती 'माणशी' या एका शब्दावर. दर हंगामाप्रमाणे बदलतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळी दोन-तीन घाटांवर विचारून अंदाज घ्यावा. असी आणि दशाश्वमेधापेक्षा मधल्या शांत घाटांवरचे नावाडी रास्त बोलतात. पहाटेची नाव आदल्या दिवशीच ठरवून नावाड्याचा फोन घ्या. पैसे उतरल्यावर. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का ते मोजून पाहा, आणि ते नुसतं मांडीवर न ठेवता अंगात घाला. नाव चालू असताना फोटोसाठी उभं राहू नये. दोन नावा शेजारी लागतात तेव्हा कडेवर बोटं ठेवू नयेत, सांध्यात बोटं चेंगरतात. लहान मुलांचे हात आतच ठेवा. मे-जूनच्या दुपारी पश्चिमेचा जोराचा वारा सुटतो, अचानक वादळही येतं, तेव्हा पलीकडच्या वाळूकडे जाऊ नये.

संध्याकाळच्या आरतीला दशाश्वमेधावर हिवाळ्यात सहाच्या, उन्हाळ्यात सातच्या सुमारास सुरुवात होते आणि ती पाऊण तास चालते. पायऱ्यांवर बसायचं तर तास-दीड तास आधी यावं. आरती करणारे नदीकडे तोंड करून उभे असतात, म्हणजे पायऱ्यांवरून बहुतेक वेळ त्यांच्या पाठी दिसतात आणि नावेतून चेहरे. समोरून पाहायची तर नाव हवी, पण पहिल्या दोन रांगांत. नावा एकमेकींना बांधून ठेवतात, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलात तर पुढचे उभे राहिले की काहीच दिसत नाही. आणि आत अडकलेली नाव आरती संपल्यावर लगेच सुटत नाही, त्यामुळे रात्रीची गाडी असेल त्या दिवशी हा बेत करू नये. पायऱ्यांवरून परततानाही गोदौलियापर्यंत गर्दीचा लोंढा असतो. तो ओसरेपर्यंत अर्धा तास घाटावरच बसून राहावं. गर्दी नकोच असेल तर असीवरची संध्याकाळची आरती पाहावी.

नदीत दिवा सोडायचा तर पानाच्या द्रोणातला घ्यावा. काठावरून सोडलेला दिवा चौथऱ्याच्या आडोशाला फिरून पायरीलाच येऊन विझतो. नावेतून, वारा ज्या बाजूने येतो तिच्या उलट बाजूला, अगदी पाण्याला टेकवून सोडला तर लांब जातो. हिवाळ्यात गंगेवर कुरव पक्ष्यांचे थवे येतात आणि नावेतले फेरीवाले त्यांना घालायला शेव विकतात. ती घेऊ नये. तळलेली, मिठाची शेव त्या पक्ष्यांचं खाणं नाही. न घालताही ते नावेभोवती येतातच.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी नावेने उत्तरेला राजघाटापर्यंत जावं. पंचगंगेच्या पुढे घाट विरळ होतात, माणसंही कमी. शेवटी मालवीय पूल येतो, १८८७ चा, खाली रेल्वे आणि वर रस्ता. त्याच्या अलीकडे-पलीकडे नवा नमो घाट. तो जुन्या घाटांसारखा देखणा नाही, पण तिथे उतार बांधलेला आहे, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पाण्याच्या जवळ नेता येतं, आणि काशी स्टेशन शेजारीच आहे. ज्यांच्या आई-वडिलांना पायऱ्या उतरता येत नाहीत, त्यांनी सरळ इथेच यावं.

देवदिवाळीबद्दल खूप जण विचारतात. ती कार्तिक पौर्णिमेला असते, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. एकनाथांनी भागवत काशीत पूर्ण केलं ते १५७३ मधल्या याच कार्तिक पौर्णिमेला. त्या रात्री सगळ्या घाटांवर पणत्या लागतात. नावेचं भाडं कित्येक पटींनी वाढतं आणि खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. नाव मिळालीच तर गर्दीमुळे ती मध्येच थांबून राहते, म्हणून दोन-तीन तास, पाणी आणि लघुशंकेची सोय यांचा विचार करूनच चढा. पायी पाहायचं असेल तर दुपारी चारच्या आत एखाद्या मधल्या घाटावर जागा धरून बसावं आणि तिथून हलू नये. दशाश्वमेधाकडे त्या दिवशी जाऊच नये. केदार घाट ते चौसष्टी घाट हा भाग त्यातल्या त्यात बरा.

गंगाजल न्यायचं असेल तर ते काठावरून भरू नये. पहाटेच्या नावेत बसताना भांडं बरोबर घ्या आणि मधल्या वाहत्या धारेत नावाड्याला भरायला सांगा. प्लास्टिकच्या कॅनची झाकणं गळतात, म्हणून झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट फिरवा आणि कॅन उलटा धरून पाहा. तांब्याचे गडू कासाराकडून डाग देऊन बंद करून मिळतात. विमानाने परतणार असाल तर हातातल्या सामानातलं भांडं सुरक्षा तपासणीत काढून घेतलं जाऊ शकतं, म्हणून गडू कपड्यांत गुंडाळून सोपवायच्या बॅगेत ठेवा.